आधी कोणती दुरुस्ती?

संस्थेच्या अभ्यासिकेत नादुरुस्त वस्तू अनेक असतात. निधी मात्र वर्गणीचा आणि मोजका. अशा वेळी सभेत जो मोठ्याने बोलतो, त्याचे काम आधी होते. ही रीत बदलली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

उदाहरण घेऊ. विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही, पाण्याच्या पंपाचे सील गळते, चार पंखे मंद फिरतात आणि ध्वनिक्षेपक खरखरतो. प्रत्येक वस्तूबाबत आपण तीन प्रश्न विचारू. जीवाला धोका आहे काय? थांबल्यास नुकसान वाढेल काय? रोज किती जणांची अडचण होते?

पहिल्या प्रश्नाने अर्थिंगचे काम सर्वांच्या आधी येते. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज गळताच तो प्रवाह तोडतो. दुसऱ्या प्रश्नाने पंपाचा क्रम लागतो. आज सील बदलून भागते. उद्या पाणी मोटारीत शिरून वाइंडिंग जळाले, तर खर्च कितीतरी वाढतो. त्यानंतर पंखे. पंखा मंद होण्याचे कारण बहुधा कपॅसिटर असतो आणि तो स्वस्तात बदलता येतो. ध्वनिक्षेपक शेवटी, कार्यक्रमापुरता तो भाड्याने आणता येतो.

हा क्रम कारणांसह फलकावर लावावा. म्हणजे ज्याचे काम मागे पडले, त्यालाही ते का, हे कळते. ओल्या हाताने बटण दाबणारे मूल सभेत बोलायला येत नाही. त्याच्या वतीने आपणच बोलले पाहिजे.