भातकापणीच्या दिवसांतील सर्पदंश : रक्त गोठते का, हे तपासून घ्या

कर्जत व खालापूर तालुक्यांत भाताची कापणी, भारे बांधणे व उडवी रचणे ही कामे बहुतांशी हातानेच होतात. पेंढ्याखाली उंदीर येतात व त्यांच्या मागे साप. त्यांपैकी घोणस व फुरसे या सापांचे विष मुख्यतः रक्तावर परिणाम करते.

रक्त का गोठत नाही?

जखम झाली की रक्तातील काही घटक एकत्र येऊन गुठळी तयार करतात व रक्तस्राव थांबतो. या विषामुळे ते घटक विनाकारण कामाला लागून संपून जातात. बांध फुटण्यापूर्वीच तो बुजविण्याची माती वापरून टाकावी, तसे होते. मग हिरड्यांतून, दंशाच्या जागेतून किंवा लघवीतून रक्त येते. मेंदूत रक्तस्राव झाल्यास मृत्यू ओढवतो. घोणस चावल्यास मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. सुरुवातीला रोगी चालतो-बोलतो. म्हणून घरी थांबणे घातक ठरते.

वीस मिनिटांची चाचणी

शिरेतील २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त पातळच राहिले, तर सर्पविषावरील लस शिरेतून देतात. ही लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. रक्त गोठविणारे घटक यकृतात पुन्हा तयार होण्यास सुमारे ६ तास लागतात. म्हणून त्यानंतर चाचणी पुन्हा करतात. पहिल्या चाचणीत रक्त गोठले, तरी २४ तास रुग्णालयातच थांबावे.

दंश झाल्यास काय करावे?

१. रोग्यास धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, जोडवी काढावीत व दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा.

२. दोरी करकचून बांधू नये. चीर देऊ नये. न गोठणारे रक्त त्यातून वाहतच राहते.

३. वेदनेसाठी ॲस्पिरिन देऊ नये.

४. साप मारण्यात किंवा भगताकडे जाण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने लस असलेले रुग्णालय गाठावे. दंशाची वेळ डॉक्टरांना सांगावी.

भारा उचलण्यापूर्वी तो काठीने हलवावा, पायांत गमबूट घालावेत व रात्री विजेरी बाळगावी. ही माहिती शेतकरी बंधू-भगिनींनी आपल्या मजुरांनाही कापणीपूर्वीच द्यावी.