'हवे' आणि 'नको' यांचे गणित

मी आपल्या भागातील स्थळांची ६ कार्डे केली. कंधार, माहूर, होट्टल ही नांदेड जिल्ह्यातली; उदगीर, औसा, खरोसा ही लातूरची (हा जिल्हा १९८२ साली झाला). कंधार, माहूर, उदगीर, औसा यांवर 'किल्ला' लिहिले. माहूर व होट्टलवर 'देवस्थान', खरोशावर 'लेणी'.

आता संगणकाने ही कार्डे कशी निवडावीत?

१) 'हवे' कोरे असले तर सगळी ६ दाखवावीत. काही मागितले नाही म्हणजे काहीच नको, असे नव्हे.

२) 'हवे : किल्ला' म्हटले की ४.

३) त्यात 'नको : देवस्थान' जोडले की ३ उरतात. माहूर दोन्हींत बसते; तिथे 'नको'चेच ऐकावे. नाहीतर 'नको'चा उपयोग काय?

४) 'हवे : किल्ला, लेणी'. कोणतेही एक चालेल म्हटले तर ५. दोन्ही पाहिजेत म्हटले तर एकही नाही! म्हणून संगणकाने आधी विचारावे.

५) किती कार्डे झाकली तेही सांगावे. नाहीतर पाहणाऱ्याला वाटेल, आपल्याकडे माहूर नाहीच!

पालकांसोबत घरी ६ चिठ्ठ्या करा आणि 'नको : लातूर' करून पाहा. किती उरल्या?