वर्गणीदारांची वही कोणाच्या ताब्यात?

वर्गणीवर चालणारे काम वर्ध्याला नवे नाही. विनोबांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे नियतकालिक जानेवारी १९२३ मध्ये इथूनच सुरू केले. १९३६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रभाषा प्रचार समिती देशभरच्या केंद्रांतून हिंदीच्या परीक्षा घेत आली. अर्ज, शुल्क, निकाल, प्रमाणपत्रे यांचा पसारा वर्ध्यात बसून सांभाळला गेला. अशा कामात छापखाना बदलता येतो. कागद महागला तर पाने कमी करता येतात. अंक उशिरा पोचला तर वाचक कुरकुरतो, पण थांबतो. एक वस्तू मात्र गेली की काम बंदच पडते, ती म्हणजे वर्गणीदारांची वही: नाव, पत्ता, पिनकोड, पावती क्रमांक आणि वर्गणी कोणत्या महिन्यापर्यंत भरली आहे त्याची नोंद. आज आर्वी, हिंगणघाट, देवळी, सेलू इथल्या लहान संस्था, शिकवणी चालवणारे, शेतीचे अभ्यासवर्ग घेणारे आपापले काम सशुल्क सभासदत्वाच्या संकेतस्थळावर नेऊ पाहत आहेत. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? मग रंगरूप बघितले जाते, फुकट किती मिळते ते बघितले जाते, मोबाइल ॲप मिळेल का हे विचारले जाते. अशी कामे जवळून पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की हा क्रम उलटा आहे. हे सॉफ्टवेअर उद्या सोडायची वेळ आली तर वहीसकट बाहेर पडता येईल का, ते आधी तपासावे. त्याचे उत्तर नाही असेल तर पुढची चौकशीच करू नये.

‘सोडायची वेळ येईलच कशाला?’ असे कोणी म्हणेल. ती आपल्या इच्छेने येत नाही. ‘रेव्ह्यू’ नावाची सेवा वाचकांना ईमेलने वार्तापत्र पाठवायला आणि त्याची वर्गणी घ्यायला वापरली जात असे. २०२१ च्या जानेवारीत ट्विटरने ती विकत घेतली, तेव्हा मोठ्या कंपनीचा आधार मिळाला म्हणून लेखकांना दिलासाच वाटला असणार. १८ जानेवारी २०२३ ला ती बंद झाली. ज्यांनी त्याआधी आपली यादी उतरवून घेतली त्यांचे वाचक टिकले. दुसरे उदाहरण पैसे स्वीकारण्याचे. सबस्टॅक या वार्तापत्र-सेवेवर सशुल्क वर्गणी सुरू करायची तर स्ट्राइप या कंपनीचे खाते लागते. घोस्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नफा न कमावणारी संस्था चालवते, त्यातून सभासदांची यादी नीट बाहेर काढता येते, मला ते मनापासून आवडते. पण त्यातली सभासदत्वाची अंगभूत सोयही स्ट्राइपवरच उभी आहे. आणि स्ट्राइप २०२४ पासून भारतात नवी खाती केवळ निमंत्रणाने देते. म्हणजे जगभरात नावाजलेली दोन साधने सेलूतल्या संस्थेने निवडली, रंगसंगती ठरवली, लेख चढवले आणि शेवटी पैसे घ्यायच्या पायरीवर काम अडले, असे सहज होऊ शकते. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. परदेशी लेखातली ‘सर्वोत्तम दहा’ची यादी वाचून निवड केली की असे होते, कारण त्या याद्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपली बँक आणि आपले नियम नसतात.

आपले नियम वेगळे आहेत आणि मला ते बहुतांशी योग्य वाटतात. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला शिस्त लावली. पहिल्यांदा ग्राहकाची जादा पडताळणीसह संमती घ्यायची आणि दर वेळी पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी त्याला कळवायचे. दर वेळी ओटीपी न मागता कापता येणारी रक्कम आधी पाच हजार होती, ती जून २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. नियम लागू झाला तेव्हा परदेशी सेवांच्या कितीतरी वर्गण्या भारतीय कार्डांवर अडकल्या. पुढे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवायला बंदी आली. त्याऐवजी टोकन, म्हणजे क्रमांकाच्या जागी मिळणारा बदली संकेत, वापरायचे. हे टोकन ज्याच्यामार्फत आणि ज्या दुकानासाठी तयार झाले तेवढ्यापुरतेच चालते. यूपीआयवरची आपोआप वसुली जुलै २०२० पासून आली, तीही कोणा ना कोणा गेटवेच्या, म्हणजे ग्राहकाचे पैसे स्वीकारून संस्थेकडे वळते करणाऱ्या सेवेच्या, खात्याशी बांधलेली असते. थोडक्यात, सभासदाने दिलेली ‘दर महिन्याला कापा’ ही परवानगी वहीत उतरवून घेता येत नाही. गेटवे बदलला की बहुधा सभासदांकडून ती नव्याने मागावी लागते, आणि मागितल्यावर सगळेच देतात असे नाही. काही जण तेवढ्यात विचार बदलतात, बरेच जण निरोपच वाचत नाहीत.

म्हणून लहान संस्थेला माझा सल्ला असतो की मासिक वसुलीच्या मागे लागू नका, वार्षिक वर्गणी घ्या. यावर आक्षेप ठरलेला: आपोआप वसुली नसेल तर लोक नूतनीकरण विसरतात आणि उत्पन्न घटते. हे खरे आहे आणि मोठ्या वृत्तपत्राने ते मनावर घ्यावे. पण आकडे मांडून बघा. समजा सहाशे सभासद आहेत आणि वर्षाची वर्गणी तीनशे रुपये, म्हणजे एकूण एक लाख ऐंशी हजार. नूतनीकरणे वर्षभर सारखी विखुरली तर महिन्याला पन्नास, दिवसाला दोनसुद्धा नाहीत. दोन माणसांना रोज एक निरोप पाठवणे आणि बँकेच्या उताऱ्यावर यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक जुळवून पावती करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. हेच महिना पंचवीस रुपये केले तर वर्षाला सात हजार दोनशे वसुल्या, तितक्याच पूर्वसूचना, आणि खात्यात शिल्लक नाही म्हणून परत फिरलेल्या वसुल्यांचा पाठपुरावा वेगळा. खर्चही बघा. वर्गणीच्या दहा टक्के घेणाऱ्या सेवेला वर्षाला अठरा हजार जातात, आणि त्यावर पैसे वळते करण्याचे शुल्क निराळे. भारतीय गेटवे साधारण दोन टक्के घेतो, त्यावर अठरा टक्के जीएसटी. तीनशे रुपयांमागे सात रुपये आठ पैसे, सहाशे जणांचे चार हजार दोनशे अठ्ठेचाळीस. यूपीआयच्या देयकावर दुकानदाराकडून मर्चंट शुल्क घ्यायचे नाही हा नियम जानेवारी २०२० पासून आहे, तरी गेटवे आपल्या सेवेचा आकार वेगळा लावू शकतो, तो विचारून घ्यावा. पैसे भरताच पाने आपोआप उघडायला हवी असतील तर गेटवे लागतोच; मी त्याच्या विरोधात नाही. तो एकेका देयकापुरता वापरा, सभासदाशी असलेले नाते त्याच्या हवाली करू नका, इतकेच म्हणणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. वर्डप्रेससारखे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवा, त्यावर सभासदत्वाचे प्लगइन घाला, सगळे आपल्या ताब्यात राहील, असे सांगणे सोपे आहे. पण ते सांभाळणार कोण? प्लगइन वेळेवर अद्ययावत केले नाही तर संकेतस्थळात कोणी घुसतो. दोन प्लगइन एकमेकांशी पटेनाशी झाली की पैसे भरलेल्या माणसालाच पान उघडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी हे निस्तरणारा माणूस संस्थेच्या पगारावर नसतो. एखादा तरुण उमेदीने उभारून देतो आणि नोकरीसाठी पुण्याला निघून जातो. ही अडचण खरी आहे. म्हणूनच ‘स्वतःचे ते चांगले आणि भाड्याचे ते वाईट’ असा माझा सिद्धान्त नाही. माणूस नसेल तर भाड्याची सेवा घ्यावी, पण ती बाहेर पडण्याच्या कसोटीला उतरलेली असावी. आणि स्वतःच्या सर्व्हरवर असले म्हणजे आपोआप सुटलो असेही नाही. प्लगइन बनवणाऱ्याने काम थांबवले तर त्याच्या खास तक्त्यांत अडकलेली मुदतीची नोंद बाहेर काढायला तितकाच त्रास होतो. कसोटी दोघांनाही सारखीच लावायची.

ती कशी लावायची ते जरा तपशिलाने सांगतो, कारण विक्रेत्याच्या ‘हो, एक्स्पोर्ट होते’ या उत्तरावर भागत नाही. चाचणीच्या मुदतीत पाच खोटे सभासद देवनागरी नावांनी भरा. एकाची मुदत संपलेली ठेवा, एकाने दोनदा पैसे भरलेले दाखवा. मग यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवा आणि एक्सेलमध्ये उघडा. थेट दोनदा टिचकी मारून उघडली तर बऱ्याचदा ‘ज्ञानेश्वर’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. डेटा विभागातून यूटीएफ-८ निवडून आत घेतली की नावे सरळ होतात. मोबाइल क्रमांक ९१ धरून बारा आकडी असेल तर एक्सेल त्याचे दशांश चिन्ह आणि ई असलेले संक्षिप्त रूप करून दाखवते, आणि तसेच जतन केले तर शेवटचे आकडे कायमचे जातात. तो स्तंभ आधीच मजकूर म्हणून ठरवावा लागतो. आता पाहा: मुदत संपण्याची तारीख आली का? पावतीचा इतिहास आला, की फक्त नाव आणि ईमेल? दोनदा भरलेले पैसे दोन ओळींत दिसतात का? पुष्कळ सेवा नाव-ईमेल उदारपणे देतात आणि मुदत व देयके मागे ठेवतात. नुसती नावे हाती आली तर कोणाचे किती महिने उरले हे सभासदालाच विचारावे लागेल, आणि तिथे विश्वास संपतो. ही उतरवलेली यादी दर महिन्याला काढून संस्थेच्या संगणकावर आणि एका वेगळ्या ठिकाणी ठेवावी. सांकेतिक शब्द मात्र बहुतेक सेवा देत नाहीत, ते सभासदांना नव्याने करावे लागतील हे गृहीत धरा.

प्रवेशाचा मार्गही आपल्या वाचकाकडे बघून ठरवावा. खेड्यातला वर्गणीदार ईमेल क्वचित उघडतो, सांकेतिक शब्द लक्षात ठेवत नाही, मोबाइलवर ओटीपी आला तर आत येतो. पण भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायला ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत नोंदणी लागते. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये ‘एसएमएसने प्रवेश’ लिहिलेले असले तरी ही नोंदणी जोडायची सोय आहे का, ते विचारा. आणि कुलूप किती लावायचे? ‘मजकूर चोरीला जाईल’ या भीतीने महागडी सुरक्षा विकली जाते. पडद्याचे छायाचित्र कोणीही काढू शकतो, ते थांबवता येत नाही, आणि त्यापायी पैसे भरलेल्या माणसाला चार पायऱ्या चढायला लावणे अन्यायाचे आहे. शिवाय वर्ध्यात तरी एक गोष्ट विसरू नये. गांधींचे लेखन १ जानेवारी २००९ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि ते इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळते. तेच कुलपाआड ठेवून वर्गणी मागू नये, असे मला कळकळीने वाटते. वर्गणी मागायची ती आज केलेल्या कामाची: नवा लेख, शिकवणारा माणूस, तपासलेली उत्तरपत्रिका, शंकेला दिलेले उत्तर.

वहीचा ताबा म्हणजे जबाबदारीही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी घ्यायची हे ठरवणारा उत्तरदायी आहे. साठवण दुसऱ्या कंपनीकडे दिली म्हणून संस्था सुटत नाही. संमती जितक्या सहज घेतली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, आणि अठरा वर्षांखालच्या सभासदासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. शाळकरी मुलांच्या परीक्षा किंवा शिकवण्या चालवणाऱ्यांनी हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावे, कारण जन्मतारीख विचारायची सोय नसलेले सॉफ्टवेअर त्यांच्या कामाचे नाही.

शेवटी किल्ल्यांचा हिशेब, ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे? गेटवेचे खाते संस्थेच्या पॅनवर आणि संस्थेच्या बँक खात्याला जोडलेले आहे, की संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या खात्यातून पैसे फिरून येतात? मुख्य प्रवेशाचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? तो क्रमांक संस्थेने स्वतःच्या नावाने घेतलेला असावा, त्याचे रिचार्ज खर्चाच्या वहीत दिसावे, आणि दोन विश्वस्तांना प्रवेश असावा. कंत्राटात काम संपल्यावर सगळे सांकेतिक शब्द सुपूर्द करण्याची तारीख लिहावी आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा. आजीव वर्गणी मात्र संकेतस्थळावर घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. छापील मासिकाला ती निदान एका ठेवीच्या व्याजावर पेलता येई. इथे सर्व्हरचे भाडे, नावाचे नूतनीकरण, प्लगइनचा परवाना हे सगळे दर वर्षी भरायचे असते, आणि आजीव सभासदाकडून दुसऱ्या वर्षी काही येत नाही. ज्यांनी जुन्या काळी आजीव वर्गणी भरली आहे त्यांना शुल्क न घेता आत घ्या, त्यांची नावे वहीत वेगळ्या रकान्यात ठेवा, आणि नव्यांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची मुदत द्या.