घोडा उपदेश करीत नाही

पूर्वी न्हावा-शेव्याच्या बाजूला भातशेती होती. मिठागरे होती. खाडीत मासेमारी चाले. बाप होडीत चढला की पोरगा मागोमाग चढे. आई शेतात निघाली की पोरगी बरोबर जाई. हात कामात असत आणि तोंडाने गोष्टी चालत. १९८९ साली बंदर सुरू झाले. शेते गेली, कामे बदलली. आता पुष्कळ घरांत बाप पाळीवर जातो. पोरगा शाळेतून येतो, तेव्हा बाप निजलेला असतो. दोघे एका घरात राहतात. पण जवळ बसत नाहीत.

तेरा ते एकोणीस हे वय अवघड. शरीर बदलते, मन भडकते. काही मुले चटकन रागावतात. काही अगदी मुकी होतात. कुणाला नशेची संगत लागते. अशा मुलाची आई आशाताईंना काय विचारते, ते ऐका.

"ताई, पोर कोनाशी बोलत नाय. बाप ओरडला की भांडी आपटतो. मी समजावते, तर कानांवर हात ठेवतो. काय करू?"

"मावशी, तुम्ही माथेरानचे घोडे पाहिलेत ना?"

"पाहिलेत की. पन पोराचं नि घोड्याचं काय?"

"सांगते. काही ठिकाणी अशा मुलांना मुद्दाम घोड्यापाशी नेतात. घोड्याच्या संगतीने त्यांचे मन निवळायला मदत होते."

मावशीला नवल वाटले. तुम्हालाही वाटेल. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

युरोपात डेन्मार्क नावाचा देश आहे. तिथे लिस हार्टेल नावाची बाई होती. १९४४ साली तिला पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढायलाही दुसऱ्याचा आधार लागे. तरी तिने घोडेस्वारी सोडली नाही. १९५२ साली ऑलिंपिक सामन्यांत तिने घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. हे पाहून पुष्कळांचे डोळे उघडले. १९६९ साली इंग्लंडात आणि अमेरिकेत अपंगांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या मोठ्या संस्था स्थापन झाल्या. पुढे मनाच्या दुखण्यासाठीही घोड्याची मदत घेऊ लागले.

घोडाच का बरे? घोडा अंगाने मोठा, पण स्वभावाने भित्रा. रानात वाघ-लांडगे त्याची शिकार करीत. म्हणून तो सदा सावध असतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त शेपटीमागचे आणि अगदी नाकासमोरचे दिसत नाही. त्याचे कान आवाजाकडे वळतात. समोरचा माणूस रागात आहे की शांत, हे त्याला चालण्यावरून आणि आवाजावरून कळते.

आता त्या मुलाचे पाहा. तो तणतणत घोड्याकडे जातो. घोडा कान मागे पाडतो आणि दूर सरतो. मुलगा ओरडतो. घोडा आणखी दूर जातो. चारपाच क्विंटलचे जनावर! ते दांडगाईने वळत नाही. मग मुलगा थांबतो. श्वास सावकाश घेतो. खांद्याच्या बाजूने हळू जवळ जातो. घोडा उभा राहतो. मान खाली करतो. मुलाला हात लावू देतो.

घोड्याने उपदेश केला नाही. मागचे उकरून काढले नाही. तू वाईट आहेस, असे म्हटले नाही. मुलगा जसा वागला, तसे त्याने उत्तर दिले. मुलगा बदलला, तसा घोडाही बदलला. मुलाला हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले.

इथे पुष्कळदा घोड्यावर बसायचेही नसते. खरारा करायचा, खूर साफ करायचे, चंदी द्यायची, दोरी धरून चालवायचे. शेजारी घोड्याचा जाणकार असतो. मनाच्या दुखण्याचा जाणकारही असतो. तो विचारतो, "घोडा मघाशी का दूर गेला?" मुलगा घोड्याविषयी बोलू लागतो. बोलता बोलता स्वतःविषयीही बोलतो.

मात्र ध्यानात ठेवा. ही जादू नव्हे. हिचा किती उपयोग होतो, यावर अजून संशोधन चालू आहे. घोडा डॉक्टरची जागा घेत नाही. माथेरानचे घोडे माणसे आणि सामान वाहतात. या कामासाठी ते शिकवलेले नसतात. म्हणून मुलाला भाड्याच्या घोड्यावर बसवले म्हणजे उपचार झाला, असे समजू नका. घोड्याच्या मागे तर कधीच उभे राहू नका.

"मग आमी गरिबानी काय करायचं, ताई? घोडा कुठून आनू?"

"घोडा आणू नका, मावशी. घोड्याचा गुण आणा. पोर तापले असेल, तेव्हा तुम्ही तापू नका. जरा बाजूला व्हा. निवळले की जवळ बसा. मारू नका. बापाने सुट्टीच्या दिवशी त्याला बरोबर घ्यावे. जाळे शिवा, सायकल दुरुस्त करा, शेळीला पाला घाला. हात कामात असले की तोंड उघडते."

आणि पोर जेवत नसेल, झोपत नसेल, नशा करत असेल, तर सरकारी दवाखान्यात न्या. लाज धरू नका. ताप आला तर नेतो ना? तसेच हे. १४४१६ या सरकारी नंबरावर मनाच्या दुखण्याविषयी फुकट सल्ला मिळतो. रात्री-बेरात्रीही मिळतो, मराठीत बोलता येते. मुले अडचणीत असतील तर १०९८ हा नंबर आहे. "मला जगायचे नाही," असे पोर म्हणाले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी मदत मागा.

शब्दांचे अर्थ
खरारा – घोड्याचे अंग घासून साफ करणे
चंदी – घोड्याला द्यायचा दाणा

विचार करा आणि सांगा
१. मुलगा ओरडला तेव्हा घोड्याने काय केले? शांत झाला तेव्हा काय केले?
२. तुमच्या घरी मुलाबरोबर करता येईल असे कोणते काम आहे?
३. मदतीचे दोन्ही नंबर वहीत लिहा. शेजाऱ्यालाही लिहून द्या.