वर्ग जिंकला, मग गुण कुठे?

प्रश्न : न्यू जर्सीत माझ्या बहिणीच्या लॅब्रॅडॉर मादीने ‘ओपन’ वर्गात पहिला क्रमांक पटकावला, पण चॅम्पियनपदासाठी एकही गुण मिळाला नाही. असं का?

उत्तर : आधी बहिणीचं अभिनंदन! अमेरिकन केनेल क्लबच्या पद्धतीत वर्ग जिंकणं ही पहिली पायरी. पपी, ओपन अशा वर्गांतल्या विजेत्या माद्या पुन्हा एकत्र उभ्या राहतात. त्यांतल्या ‘विनर्स बिच’ला गुण मिळतात, किती माद्यांना हरवलं त्यानुसार १ ते ५. किताबाला १५ गुण लागतात. खरी कसोटी ‘मेजर’ची : एकाच शोमध्ये ३ किंवा अधिक गुण, असे दोनदा, तेही वेगवेगळ्या परीक्षकांकडून. शिवाय तिसऱ्या परीक्षकाकडूनही गुण हवाच. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. एकाच माणसाच्या पसंतीवर कुणी चॅम्पियन होत नाही.