गोदीतील सुरक्षितता : काम थांबविण्याचा अधिकार

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर भीषण स्फोट झाले. सुमारे 1,400 टन स्फोटके असलेल्या या जहाजात कराची येथे कापसाच्या गासड्या, लाकूड व तेलाची पिंपेही भरण्यात आली होती. आग दुपारी दोनच्या सुमारास लक्षात आली. पहिला स्फोट चार वाजल्यानंतर झाला. मधल्या दोन तासांत जहाज जागीच बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, हे ठरलेच नाही. अधिकारी पुष्कळ होते. अंतिम आदेश देणारा एकही नव्हता. आगीशी झुंजताना बळी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

एवढा अनर्थ विरळाच. नेहमीचे अपघात लहान असतात, म्हणूनच दुर्लक्षिले जातात. यारीच्या जीर्ण तारदोराबाबत 1986 चा गोदी कामगार अधिनियम व 1990 चे विनियम यांनी सक्षम व्यक्तीकडून नियतकालिक तपासणी बंधनकारक केली. परंतु जहाजाच्या पोटातील बंद कोठीचा धोका डोळ्यांना दिसत नाही. लाकडाचे ओंडके, कोळसा, भंगार लोखंड हे तेथील प्राणवायू शोषून घेतात. उतरलेला कामगार कोसळतो. त्याला वाचवावयास धावलेला सोबतीही तेथेच पडतो. अशा वेळी धाडसापेक्षा प्राणवायूमापक यंत्र व श्वसनसाधन हाताशी असणे अगत्याचे असते. हवा मोजल्याविना टोळी खाली उतरविण्यास नकार देण्याचा लेखी अधिकार मुकादमाला हवा, आणि त्यापायी त्या पाळीची मजुरी कापली जाता कामा नये.