बंदी पुनर्वसन : एका आंतरविद्याशाखीय पदवीची रूपरेषा

शिक्षा भोगून बंदी कारागृहाबाहेर पाऊल टाकतो, तेव्हा न्यायालयाचे काम संपलेले असते. समाजाचे काम मात्र तेथूनच सुरू होते. राहावयास घर, हाताला काम आणि गावात परतण्याइतकी पत, यांपैकी काहीच न लाभल्यास जुन्या सोबत्यांची वाट तेवढी त्याला मोकळी उरते.

महाराष्ट्राला या प्रश्नाची जाण जुनी आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत स्थापन झाली व बंदी कुटुंबासह शेती करून राहू लागले. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने योग्य प्रकरणी अपराध्यास कारागृहात न पाठविता देखरेखीखाली सोडण्याची तरतूद केली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ हा क्षेत्रकार्य प्रकल्प सुरू करून बंद्यांच्या पुनर्वसनास हात घातला. वाट आखलेली आहे. तीवरून चालविणारी प्रशिक्षित माणसे हवीत.

अशी माणसे एका विद्याशाखेत घडणे कठीण आहे. विधिज्ञास जामिनाचे नियम ठाऊक असतात, व्यसनाचे उपचार नसतात. मानसोपचारतज्ज्ञास व्यसन कळते, पण हरवलेल्या शिधापत्रिकेसाठी कोठे अर्ज करावा हे कळतेच असे नाही. सुटलेल्या माणसापुढे या अडचणी एकाच वेळी उभ्या राहतात. म्हणून तीन वर्षांच्या पदवीची पुढीलप्रमाणे मांडणी करता येईल :

पहिले वर्ष : राज्यघटना, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेले नवे फौजदारी कायदे, गुन्हेगारीशास्त्र, समाजशास्त्र व मानसशास्त्र.

दुसरे वर्ष : समुपदेशन, व्यसनमुक्ती, व्यवसाय मार्गदर्शन, लोकप्रशासन व सांख्यिकी.

तिसरे वर्ष : कारागृह, परिवीक्षा कार्यालय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व ग्रामपंचायत येथे क्षेत्रकार्य. प्रत्येक विद्यार्थ्याने एका बंद्यास, त्याच्या संमतीने, सुटकेपूर्वीपासून सुटकेनंतरच्या काही महिन्यांपर्यंत मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली साथ द्यावी. त्याची माहिती गोपनीय राखणे हे या शिक्षणाचे पहिले बंधन होय.

अभ्यासक्रम केवळ शिक्षाबंद्यांपुरता ठेवून चालणार नाही. २०२२ अखेर देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन होते. दोष सिद्ध होण्यापूर्वीच त्यांचा रोजगार सुटतो, घराची घडी विसकटते. यशाचे मापनही पुन्हा अटक झाली की नाही, एवढ्यावरच करू नये. निवारा, टिकलेले काम व कुटुंबाशी जुळलेले नाते यांचीही नोंद व्हावी.

पदवीधर तयार झाले तरी अखेरचा दरवाजा गावालाच उघडावा लागेल. परतलेल्या माणसास रोजगार हमीच्या कामाची मागणी नोंदविण्यास ग्रामपंचायत साहाय्य करू शकते. त्याच्या मुलांची शाळा सुटणार नाही, याकडे शिक्षक लक्ष देऊ शकतात. ज्या गावी हे घडेल, तेथे एका माणसाचे जीवन सावरेलच, शिवाय गावाची सुरक्षितताही वाढेल.